वाळवंटातलं हरीण आणि पाण्याची जागा

वाळवंटात हरणं असतात असं सांगितलं, तर ऐकणाऱ्याला ते चटकन पटत नाही. वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या आणि उंटांची रांग येते. अमेरिकेच्या नैऋत्येला अ‍ॅरिझोना राज्यात आणि त्याच्या खाली मेक्सिकोत पसरलेलं सोनोरन वाळवंट मात्र तसं नाही. टुसॉन शहराच्या आसपास वर्षाकाठी जेमतेम ११-१२ इंच पाऊस पडतो, म्हणजे आपल्या माणदेशापेक्षाही कमी. पण तो दोन हप्त्यांत पडतो. थोडा हिवाळ्यात आणि बराचसा जुलै ते सप्टेंबरमध्ये. या उन्हाळी पावसाला तिथले लोकही ‘मान्सून’च म्हणतात. एवढ्या ओलीवर तिथे तीन-तीन मजली उंचीचे सग्वारो निवडुंग उभे राहतात, काटेरी झुडपं माजतात, आणि कोरड्या ओढ्यांच्या काठांनी मेस्कीटची झाडं वाढतात. आपल्याकडे माळरानं व्यापून बसलेली वेडी बाभूळ ही या मेस्कीटचीच सख्खी बहीण. ती अमेरिकेतूनच इकडे आली.

या मुलखात हरणांच्या दोन जाती आहेत. एक म्यूल डिअर, म्हणजे खेचरासारख्या लांब कानांचं हरीण. ते सपाटीवर आणि बुटक्या टेकड्यांवर राहतं. दुसरं कूज हरीण. ते डोंगरउतारांवरच्या ओकच्या विरळ झाडीत राहतं. हे इतकं लहानखुरं, की भरलेला नरसुद्धा ४५ किलोंच्या आसपास भरतो. रंग दगडासारखा करडा. शिकारी त्याला ‘करडं भूत’ म्हणतात, आणि ते नाव ज्याने ठेवलं त्याला शाबासकी दिली पाहिजे. ही दोन्ही खरी हरणं, म्हणजे चितळ-सांबरांप्रमाणे यांची शिंगं दरवर्षी गळतात आणि पुन्हा येतात. आपली काळवीट आणि चिंकारा ही मंडळी वेगळ्या कुळातली, पण बोलताना आपण सगळ्यांनाच हरीण म्हणतो.

नोकरीनिमित्त मी टुसॉनला काही वर्षं होतो. बंदूक मी कधी हाती धरली नाही, पण माझा एक सहकारी पट्टीचा शिकारी होता आणि त्याच्याबरोबर दोन-तीन हंगाम मी डोंगर तुडवले. शिकारीच्या आपल्या कल्पना म्हणजे हाका, मचाण किंवा जीपचा झोत. तिथे यातलं काहीच दिसेना. पहाटे काळोखात चढून जायचं, सूर्य पाठीशी येईल अशा बेताने एका सोंडेवर बसायचं, तिपाईवर मोठी दुर्बीण लावायची आणि समोरचा डोंगर वाचायचा. ‘वाचायचा’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. डावीकडून उजवीकडे, मग एक ओळ खाली, पुन्हा डावीकडून उजवीकडे. अख्खं हरीण शोधायचं नसतं. उभ्या झुडपांमध्ये एखादी आडवी रेघ दिसते का, सावलीत कान हलतो का, उन्हात शिंगाचं टोक चमकतं का, एवढंच बघायचं. एका डोंगराला दोन-दोन तास लागतात. ऊन चढलं की हरणं उत्तरेकडच्या उतारांवर सावलीला जाऊन बसतात. मग त्या सावल्याच तेवढ्या पुनःपुन्हा बघायच्या, कारण सावली सरकली की बसलेलं हरीणही उठून जागा बदलतं, आणि नेमकं तेव्हाच ते दिसतं.

दिसल्यावर खरं काम सुरू होतं, ते वाऱ्याशी. सकाळी थंड हवा डोंगरावरून खाली वाहते, ऊन तापलं की तीच उलटी वर चढते. आठ वाजता ज्या वाटेने जवळ जाता येतं, त्याच वाटेने दहाला गेलं तर माणसाचा वास थेट हरणाच्या नाकात. माझा सहकारी खिशात बारीक भुकटीची बाटली ठेवायचा आणि दर पाच मिनिटांनी चिमूटभर हवेत उडवून बघायचा. त्याच्या दुसऱ्या खिशात केस विंचरायचा साधा कंगवा असे. चोया नावाच्या निवडुंगाचं बोंड नुसता स्पर्श होताच अंगात रुतून बसतं. ते हाताने काढायला गेलं तर हातात रुततं, म्हणून कंगव्याने उपटून फेकायचं.

हे सगळे उपद्व्याप कशासाठी, असा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला होता. वाळवंटात पाणी मोजक्या जागी. हरीण केव्हा ना केव्हा तिथे येणारच. मग पाणवठ्यावर दबा धरून बसलं की झालं! आपल्याकडच्या जुन्या शिकारकथांत निम्म्या शिकारी पाणवठ्यावरच्याच असतात. अ‍ॅरिझोनातही पाण्याजवळ बसायला बंदी नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस, उकाड्यात, धनुष्यबाणाचे शिकारी तसे बसतातही. पण त्याला काही मर्यादा आहेत. पाण्यापासून पाव मैलाच्या आत, जनावरांची वाट अडेल असा मुक्काम ठोकणं हा गुन्हा आहे. कारण उघड आहे. तंबू, शेकोटी, माणसांचे आवाज असले की जनावर पाण्याला येत नाही, आणि जूनच्या उन्हात एक-दोन दिवस पाणी चुकलं तर त्याच्या जिवावर बेतू शकतं.

पुढे तंत्रज्ञानाने हा प्रश्न आणखी टोकदार केला. हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे स्वस्त झाले आणि लोक ते पाणवठ्यांवर बांधू लागले. एकेका तळ्याभोवती कॅमेऱ्यांची गर्दी झाली. कोणता नर कोणत्या दिवशी किती वाजता पाण्यावर येतो, हे घरबसल्या कळू लागलं. शिवाय फोटो तपासायला माणसांची ये-जा वाढली ती निराळीच. अखेर राज्याच्या वन्यजीव आयोगाने शिकारीच्या कामी असे कॅमेरे लावायला १ जानेवारी २०२२ पासून पूर्ण बंदी घातली. शिकाऱ्यांत यावरून बरीच भांडणं झाली. माझा सहकारी बंदीच्या बाजूचा होता. “हरणाला पाणी टाळता येत नाही, तेव्हा तिथे पाळत ठेवणं ही शिकार नव्हे,” असं तो मला फोनवर म्हणाला.

परवान्याचीही गंमत आहे. बंदुकीच्या हंगामासाठी प्रत्येक विभागात किती हरणं मारायची याची संख्या ठरते आणि तेवढेच परवाने सोडत काढून देतात. चांगल्या विभागाची चिठ्ठी निघायला वर्षानुवर्षं लागतात. एका वर्षात एकाला एकच हरीण. मांस विकता येत नाही आणि खाण्याजोगं मांस वाया घालवणं हाही गुन्हा आहे. बंदुका आणि काडतुसांवर १९३७ च्या कायद्याने केंद्राचा कर आहे, रायफलींवर आणि काडतुसांवर तो ११ टक्के. तो पैसा राज्यांना वन्यजीवांच्या कामासाठीच मिळतो.

त्यातला काही पैसा पुन्हा पाण्यातच जातो. डोंगरात ठिकठिकाणी पत्र्याचा किंवा सिमेंटचा उतरता चौथरा करून पावसाचं पाणी जमिनीखालच्या टाकीत घेतात. राजस्थानात ‘टांका’ म्हणतात, तसलाच प्रकार. फरक एवढाच, की इथे जनावरांना आत उतरून पाणी पिता यावं म्हणून उताराची वाट ठेवलेली असते. दुष्काळात सरकारी टँकर येऊन या टाक्या भरतात. दुर्गम जागी हेलिकॉप्टरने पाणी नेतात. या टाक्यांनी हरणांची संख्या खरोखर वाढते का, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पाण्यावर हरीण येतं तसा त्याच्या मागावरचा प्यूमाही येतो. पण चर खणायला आणि पत्रे बसवायला सुट्टीच्या दिवशी जाणारे स्वयंसेवक पुष्कळदा शिकारीच असतात, हे मी पाहिलं आहे.

बंदुका आणि दुर्बिणी येण्याआधीही या मुलखात शिकार होतीच. तोहोनो ओओधाम लोकांतले निवडक शिकारी हरणाचं मुंडकं डोक्यावर चढवून, वाकून, चरणाऱ्या हरणासारखे थांबत-थांबत कळपाजवळ जात. आपल्याकडचे फासेपारधी शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने काळविटांजवळ सरकत, त्याची इथे आठवण होते. दोन्हीकडे युक्ती एकच : माणसाचा आकार मोडायचा. याकी लोकांच्या गाण्यांत हरणाला ‘धाकटा भाऊ’ म्हणतात. त्यांचा हरणाचा नाच आजही होतो. नाचणाऱ्याच्या डोक्यावर हरणाचं मुंडकं असतं आणि गाणी हरणाच्या तोंडची असतात.

आता एक अनुभव. ऑक्टोबरअखेरचा हंगामाचा पहिला दिवस होता. समोरच्या उतारावर साडेसातला एक कूज नर दिसला. जवळ जायला आम्हाला तीन तास लागले. गोळी सुटायच्या क्षणी वारा फिरला, नर एक पाऊल पुढे सरकला आणि गोळी पोटाकडे लागली. तो उड्या घेत ओहोळात उतरला. माझा सहकारी खाली बसला आणि त्याने घड्याळ बघितलं. तासभर हलायचं नाही, असं त्याने सांगितलं. लगेच मागे लागलं तर जखमी जनावर जीव खाऊन मैलोन्‌मैल पळतं. सोडून दिलं तर जवळपास बसतं. तो तास फार वाईट गेला. मग आम्ही माग काढायला लागलो. दगडावर पडलेलं रक्त उन्हात वाळून तांबूस-तपकिरी होतं, आणि तिथले दगड मुळातच त्या रंगाचे. शेवटचा थेंब सापडला की तिथे कागदाची पट्टी अडकवायची, मी तिच्याजवळ उभं राहायचं आणि त्याने पुढचा थेंब शोधायचा. दुपारी पारा तिशीच्या वर होता. आमच्याजवळचं पाणी संपत आलं. एका झुडपाखाली पाण्याचा काळा रिकामा कॅन पडलेला दिसला. सीमा ओलांडून चालत येणारी माणसं उन्हात चमकू नयेत म्हणून काळे कॅन वापरतात. या वाळवंटात गेल्या काही दशकांत अशी हजारो माणसं मेली आहेत. तो कॅन उचलून त्याने आपल्या पिशवीत टाकला आणि पुन्हा खाली बघत चालू लागला.

मी एकदा म्हटलं, आता परत फिरू. त्याने मानेनेच नाही म्हटलं. ओहोळाच्या वाळूत एक खूर ओढल्याची खूण सापडली आणि चारच्या सुमारास, सावलीच्या काठाला, तो नर बसलेला दिसला. त्याची मान अजून वर होती. दुसऱ्या गोळीनंतर माझा सहकारी बराच वेळ काही बोलला नाही. मग एकदम घाई सुरू झाली. वाळवंटात मांसाचा वैरी उष्णता. कातडं ताबडतोब उतरवायचं, तुकडे करून सुती पिशव्यांत भरायचे आणि वारा लागेल असे सावलीत टांगायचे. पोटाकडचा जो भाग नासला होता तो त्याने वेगळा काढला आणि बाकीचं सगळं घेतलं, मानेचंसुद्धा. सुमारे १५ किलो मांस दोन पाठपिशव्यांत घालून आम्ही बॅटरीच्या उजेडात उतरलो आणि अकराच्या पुढे गाडीपाशी पोचलो.

त्या वर्षी त्याच्या घरी मांसाचं जेवण झालं, तेव्हा पाहुण्यांनी शिंगांची लांबी विचारली. त्याने ती सांगितली, आणि पहिली गोळी कुठे लागली होती तेही सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात, जूनमध्ये, त्याच डोंगराच्या पायथ्याची टाकी गळायला लागली होती, ती दुरुस्त करायला तो गेला. मीही सिमेंटचं पोतं उचलायला गेलो होतो. उताराच्या तोंडाशी ओल्या मातीत लाव्यांच्या पावलांच्या बारीक रांगा होत्या, हरणांचे खूर होते आणि त्यांच्यावर प्यूमाचा एक रुंद पंजा उमटला होता. त्या खुणा तुडवल्या जाऊ नयेत म्हणून सिमेंट आम्ही मागच्या बाजूने नेलं.