घरकर्ज बुडालं, खतावणी कोणाच्या हातात होती?



बहरीनची राजधानी मनामा इथे मुख्यालय असलेल्या गल्फ इंटरनॅशनल बँकेचा २००७ सालचा ताळेबंद जाहीर झाला, तेव्हा तोटा निघाला सुमारे ७५ कोटी ७० लाख डॉलर. सहा आखाती सरकारांच्या मालकीची ही बँक. बहरीनमध्ये कुणी घराचा हप्ता थकवला म्हणून हा पैसा गेला नव्हता. बँकेने अमेरिकेतल्या घरकर्जांवर आधारलेले रोखे घेऊन ठेवले होते, त्यांची किंमत कोसळली. पुढच्याच वर्षी याच शहरातल्या अरब बँकिंग कॉर्पोरेशनने ८८ कोटी डॉलरचा तोटा दाखवला. २००९ मध्ये गल्फ इंटरनॅशनलच्या भागधारकांना ४८० कोटी डॉलरचे रोखे बँकेकडून स्वतःच्या अंगावर घ्यावे लागले आणि ९७ टक्क्यांहून अधिक मालकी सौदी सरकारच्या गुंतवणूक निधीकडे गेली.

हप्ते थकले फ्लोरिडात आणि कॅलिफोर्नियात, भुर्दंड पडला मनामात. मग दोष कोणाचा?

पहिलं बोट उठतं ते कर्जदाराकडे. अंथरूण पाहून पाय पसरायला नकोत का, हा प्रश्न मराठी माणसाच्या तोंडी तयारच असतो. तो अगदीच गैरलागू आहे असंही नाही. अमेरिकेत २००४ ते २००६ या काळात उत्पन्न फुगवून सांगणारे कर्जदार होते, आणि एका घरावर भागत नाही म्हणून विकण्यासाठीच दोन-तीन घरं घेणारेही होते. पण उत्पन्नाचा पुरावा मागायचाच नाही, ही सोय कर्जदाराने शोधलेली नव्हती. पहिली दोन वर्षं कमी व्याज आणि पुढची अठ्ठावीस वर्षं चढं, बदलतं व्याज, असं कर्ज तिथे सर्रास विकलं गेलं. मधल्या दलालाचं कमिशन कर्ज मंजूर झालं की पक्कं व्हायचं. कितीतरी वेळा व्याजदर चढा लावला तर जास्त मिळायचं. कर्ज देणारी कंपनी ते कर्ज वॉल स्ट्रीटला विकून मोकळी व्हायची. न्यू सेंच्युरी फायनान्शियल ही या धंद्यातली बडी कंपनी एप्रिल २००७ मध्ये दिवाळखोरीत गेली, तोवर तिची हजारो कर्जं रोख्यांच्या रूपाने जगभर पोहोचली होती.

वॉल स्ट्रीटवर हजारो कर्जांची मोट बांधून त्यांचे रोखे निघत. त्यांवर 'ट्रिपल ए' असा शिक्का मारायचा तो पतमानांकन संस्थांनी. हा सर्वोच्च दर्जा. सरकारी रोख्यांच्या पंगतीला बसवणारा. अमेरिकन काँग्रेसने नेमलेल्या चौकशी आयोगाने जानेवारी २०११ मध्ये अहवाल दिला, त्यातला एक तपशील डोळे उघडणारा आहे. २००६ मध्ये एकट्या मूडीज या संस्थेने कामाच्या दर दिवशी सरासरी ३० घरकर्ज रोख्यांना ट्रिपल ए दिला. त्या वर्षी हा दर्जा मिळालेल्या रोख्यांपैकी ८३ टक्क्यांचा दर्जा पुढे उतरवावा लागला. आणि या मानांकनाची फी कोण देई? ज्याला रोखे विकायचे आहेत तोच. मनामातल्या बँकेकडे कर्जदाराची पगारपावती कधीच आली नाही. तिने शिक्का पाहिला आणि पैसे मोजले.

फिल अँजेलिडीस या आयोगाचे अध्यक्ष होते. दहापैकी सहा सदस्यांचा निष्कर्ष असा, की हे संकट टाळता आलं असतं. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेला, फेडरल रिझर्व्हला, गैर घरकर्जांना वेसण घालण्याचा अधिकार १९९४ च्या कायद्याने मिळाला होता; व्यापक नियम निघाले जुलै २००८ मध्ये, म्हणजे घर जळून गेल्यावर. उरलेल्या चौघांनी वेगळी मतं नोंदवली. त्यांतले पीटर वॉलिसन यांनी सारा दोष सरकारच्या गृहधोरणावर ठेवला: गरिबांना घरं द्या, असा दबाव घरकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या संस्थांवर नसता तर वाईट कर्जं वाटलीच गेली नसती. बहुमताला हे पटलं नाही. या दोन संस्थांनीही निकष सैल केले, हे बहुमतातल्या सदस्यांनी मान्य केलं. पण त्या वॉल स्ट्रीटच्या मागून धावल्या, पुढे नव्हत्या.

बुडालेल्या कर्जाचा दोष कोणाचा, हा वाद बहरीनला तसा नवा नाही. मनामाच्या पश्चिम अंगाला नईम ही जुनी वस्ती आहे. मलबारहून आलेल्या लाकडाची जहाजं इथले कारागीर बांधत, आणि त्यातली कितीतरी उन्हाळ्यात मोत्यांच्या शिंपल्यांसाठी समुद्रात जात. ही मोहीम उधारीवर चाले. व्यापारी नाखुद्याला, म्हणजे जहाजाच्या तांडेलाला, पैसा देई. नाखुदा पाणबुड्याला हंगामाआधी एक उचल देई आणि हंगाम नसताना घरखर्चाला दुसरी. मोती विकले जात, त्यातून उचल वळती व्हायची. बहुतेक पाणबुड्यांना लिहितावाचता येत नसे. वही नाखुद्याची, आकडे नाखुद्याचे. उधारीवर दिलेला तांदूळ बाजारभावापेक्षा महाग लावला जाई. कर्ज फिटायचं नाही, आणि फिटेपर्यंत दुसऱ्या जहाजावर जाता यायचं नाही. बाप मेला की देणं मुलाच्या किंवा भावाच्या माथी येई.

१९२० च्या दशकात, शेख हमद यांच्या हाती बहरीनचा कारभार आल्यावर, ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने सुधारणा झाल्या. प्रत्येक पाणबुड्याला स्वतःच्या हिशेबाची वही मिळाली. उचलीला मर्यादा आली आणि मेलेल्याचं कर्ज वारसाकडून वसूल करायची पद्धत बंद करण्यात आली. बड्या नाखुद्यांनी आणि व्यापाऱ्यांनी विरोध केला, हे ओघानेच आलं. पण पुढे पाणबुडेही चिडले. १९२९ नंतरची जागतिक मंदी आणि जपानी संवर्धित मोती यांनी बाजार बसला, उचल आणखी आटली, तेव्हा मे १९३२ मध्ये त्यांनी दंगल केली. त्यांना कर्ज कमी नको होतं, जास्त हवं होतं. घरात दाणा नसताना कर्जदार असाच वागतो. त्याच सुमारास बहरीनमध्ये तेल लागलं आणि तो धंदाच हळूहळू मागे पडला.

कर्जदाराच्या हावरेपणावर सगळं ढकलणाऱ्यांनी मुंबईचं एक प्रकरण जरूर पाहावं. दिवाण हाउसिंग फायनान्स, म्हणजे डीएचएफएल, ही कंपनी राजेश कुमार वाधवान यांनी १९८४ मध्ये कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांना घरकर्ज देण्यासाठी काढली. मार्च २०२१ मध्ये सीबीआयने तिचे प्रवर्तक कपिल आणि धीरज वाधवान यांच्यावर गुन्हा नोंदवला. लेखापरीक्षणाचा हवाला देऊन त्यात म्हटलं होतं, की कंपनीच्या संगणकात वांद्र्याची एक शाखा होती, जी प्रत्यक्षात नव्हतीच. त्या शाखेत २ लाख ६० हजार बनावट घरकर्ज खाती आणि त्यांवर १४,०४६ कोटी रुपये. पूर्वी कर्ज फेडून मोकळ्या झालेल्या ग्राहकांची नावं तिथे वापरल्याचा आरोप आहे. यातले ११,७५५ कोटी बनावट कंपन्यांकडे वळवले, आणि याच खात्यांच्या जोरावर पंतप्रधान आवास योजनेचं व्याज अनुदानही मागितलं, असंही सीबीआयचं म्हणणं.

आता इथे कर्जदार कुठे आहे? पाय पसरणारा माणूसच नाही, तर अंथरूण कोणाचं मोजायचं? तरीही कर्जं बुडाली. फेब्रुवारी २०१९ पर्यंत केअर या मानांकन संस्थेच्या लेखी डीएचएफएल ट्रिपल ए होती; जूनमध्ये हप्ते चुकले आणि दर्जा सर्वांत खालचा 'डी' झाला. त्या काळी घरकर्ज कंपन्यांचं नियमन नॅशनल हाउसिंग बँकेकडे होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेकडे आलं आणि नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने डीएचएफएलचं संचालक मंडळ बरखास्त केलं. सुमारे ८७ हजार कोटींच्या दाव्यांसमोर पिरामल समूहाने २०२१ मध्ये ३४,२५० कोटी देऊन कंपनी घेतली. मोठ्या रकमेच्या मुदत ठेवीदारांच्या हाती रुपयामागे साधारण २३ पैसे पडले. त्यांत निवृत्तीची पुंजी ठेवलेले लोक होते.

मनामाची बँक, नईमच्या किनाऱ्यावरचा पाणबुडा आणि डीएचएफएलचा ठेवीदार, तिघांचीही अडचण एकच. पैसे त्यांचे किंवा घाम त्यांचा, पण मूळ खातं तपासायची सोय त्यांच्याकडे नव्हती. ज्यांच्याकडे होती, त्यांची कमाई कर्ज फिटण्यावर अवलंबून नव्हती. दलालाची, कर्ज विकणाऱ्या कंपनीची आणि मानांकन करणाऱ्याची फी आधीच वसूल झालेली असते. कर्जदार दोषी असेल, पण त्याचा क्रमांक या सगळ्यांनंतरचा. फरक इतकाच, की मनामाच्या बँकेकडे प्रश्न विचारायला पगारी तज्ज्ञ होते. पाणबुड्याकडे कुणी नव्हतं.

बहरीनमध्ये भाड्याने राहणाऱ्या कितीतरी मराठी कुटुंबांचं घरकर्ज पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या फ्लॅटवर चालू असतं. त्यांच्यासाठी दोन गोष्टी बदलल्या आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ मुदत कर्जासोबत सगळे आकार धरून येणारा वार्षिक व्याजदर सांगणारं ठळक माहितीपत्रक देणं रिझर्व्ह बँकेने सक्तीचं केलं आहे. आणि १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज फिटल्यावर घराची मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत न केल्यास, उशीर कर्ज देणाऱ्यामुळे झाला असेल तर, दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. रोख्यांच्या मानांकनाची फी मात्र अजूनही बहुतेक वेळा रोखे काढणाराच देतो, न्यूयॉर्कमध्येही आणि मुंबईतही.