छतावरचे भांडवल
(व्याख्यानाचा लेखी मजकूर)



व्यापाऱ्याच्या नफा-तोटा पत्रकात काही खर्च असे असतात की, त्यांच्याशी घासाघीस करता येत नाही. दुकानाचे भाडे मालकाशी बोलून ठरविता येते, मालाचा भाव घाऊक पेढीवर ठरतो. वीजबिल मात्र जेवढे येईल तेवढे मुकाट्याने भरावे लागते. त्यातही घरगुती ग्राहकापेक्षा वाणिज्यिक ग्राहकाला प्रत्येक युनिटमागे सहसा अधिक मोजावे लागते. याच खर्चाला आळा घालणारे एक साधन बहुतेक दुकानांच्या व गोदामांच्या माथ्यावर रिकामे पडून आहे. ते म्हणजे छत.

सौरवीज म्हटली की अनेकांच्या डोळ्यांसमोर बॅटऱ्यांची रांग उभी राहते. ग्रिडशी जोडलेल्या संयंत्रात बॅटरीची आवश्यकता नसते. छतावरील पॅनेल सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करतात, इन्व्हर्टर तिचे दुकानात वापरण्याजोग्या विजेत रूपांतर करतो आणि ती प्रथम दुकानातच वापरली जाते. उरलेली वीज वीज कंपनीच्या तारांत जाते. कमी पडली तर तिथूनच घेतली जाते. या देवाण-घेवाणीची नोंद ठेवणारे यंत्र म्हणजे नेट मीटर. जमा आणि नावे अशा दोन बाजू असलेले हे विजेचे खातेच होय. महाराष्ट्रात या व्यवस्थेचे नियम राज्य वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये केले आणि २०१९ मध्ये ते नव्याने तयार केले.

कापडाच्या पेठेत गिऱ्हाइकांची खरी गर्दी संध्याकाळी असते आणि तेव्हा सूर्य मावळलेला असतो. बंद वाराच्या दिवशी तर दुकानात विजेचा वापर जवळजवळ नसतोच. तरीही दुपारची व सुट्टीच्या दिवसाची वीज नेट मीटरमध्ये जमा होते व पुढील वापरातून वजा होते. मात्र वेळेनुसार वेगवेगळा दर लागू असेल, तर दुपारची जमा संध्याकाळी कशी वळती होते हे आधी समजून घेणे अगत्याचे आहे.

या विषयात केरळातील कोची विमानतळाचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथील व्यवस्थापनाने एकदम मोठी उडी घेतली नाही. २०१३ मध्ये आगमन इमारतीच्या छतावर केवळ १०० किलोवॅटचे संयंत्र बसविले. त्याचा अनुभव चांगला आल्यावर १ मेगावॅटचे उभारले. त्यानंतर १८ ऑगस्ट २०१५ रोजी सुमारे ४५ एकर जागेत ४६ हजारांहून अधिक पॅनेलचे १२ मेगावॅटचे संयंत्र कार्यान्वित झाले. त्यासाठी सुमारे ६२ कोटी रुपये खर्च आला. विजेची गरज सौरऊर्जेतून भागविणारा तो जगातील पहिला विमानतळ ठरला आणि २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्याचा सन्मान केला. विमानतळ रात्रीही चालतो. दिवसा जादा झालेली वीज राज्याच्या ग्रिडला द्यावयाची व रात्री परत घ्यावयाची, हाच तेथील मार्ग आहे. आधी लहान प्रयोग, मग मोजमाप आणि त्यानंतर विस्तार हा क्रम कोणत्याही जुन्या पेढीला परिचित वाटावा.

आता हिशेब पाहू. महाराष्ट्रात १ किलोवॅट क्षमतेमागे दिवसाला सरासरी ४ युनिट, म्हणजे वर्षाकाठी सुमारे १,४०० युनिट वीज मिळते. त्यासाठी अदमासे १०० चौरस फूट मोकळी जागा लागते. उदाहरणादाखल १० किलोवॅटचे संयंत्र घेऊ. खर्च साडेपाच लाख रुपये आणि प्रत्येक युनिटमागे वाचणारी रक्कम १० रुपये असे समजू. हे आकडे केवळ हिशेबासाठी आहेत. प्रत्येकाने आपले दरपत्रक व आपले बिल घेऊन ते पुन्हा मांडावेत. वर्षाला १४,००० युनिट म्हणजे १,४०,००० रुपयांची बचत. साफसफाई व देखभालीचे १०,००० वजा केल्यास १,३०,००० उरतात. या सरळ हिशेबाने भांडवल सव्वाचार वर्षांत परत येते.

परंतु विक्रेत्याचा हिशेब जिथे थांबतो, तिथून व्यापाऱ्याचा सुरू होतो. वीजबिल हा वजावटीस पात्र खर्च आहे. तो १,३०,००० रुपयांनी कमी झाला की करपात्र नफा तेवढाच वाढतो. भागीदारी पेढीला ३० टक्के दराने ३९,००० रुपये कर पडेल आणि हाती ९१,००० राहतील. दुसऱ्या बाजूला आयकर कायद्यानुसार अशा संयंत्रावर ४० टक्के घसारा मिळतो. पूर्वी तो ८० टक्के होता; १ एप्रिल २०१७ पासून कमाल मर्यादा ४० टक्के झाली. पहिल्या वर्षी २,२०,००० रुपयांच्या घसाऱ्यामुळे ६६,००० रुपये कर वाचतो. दुसऱ्या वर्षी ३९,६००, तिसऱ्या वर्षी २३,७६० आणि पुढे उतरत्या क्रमाने. दोन्ही बाजूंचा मेळ घातला, तर भांडवल साडेचार वर्षांच्या आत परत येते. वर्ष संपण्यास १८० दिवसांहून कमी उरले असता संयंत्र सुरू केल्यास त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो, हेही ध्यानी ठेवावे. पॅनेलची हमी साधारणतः २५ वर्षांची असते. त्यांची उत्पादनक्षमता दरवर्षी किंचित घटत जाते. मध्यंतरी एकदा इन्व्हर्टर बदलावा लागेल, त्याची तरतूद आधीच करावी.

काही गैरसमज वेळीच दूर झालेले बरे. पहिला, बिल शून्य होते हा. स्थिर आकार भरावाच लागतो, आणि वर्षअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटांना मिळणारा भाव विकत घेतलेल्या विजेपेक्षा बराच कमी असतो. म्हणून वापरापेक्षा मोठे संयंत्र बसविण्यात लाभ नाही. दुसरा गैरसमज अधिक सार्वत्रिक आहे. भारनियमनाचे दिवस अनुभवलेल्यांना वाटते की, वीज गेली तरी दुकान उजळलेले राहील. तसे होत नाही. तारांवर काम करणाऱ्या कामगाराच्या सुरक्षिततेसाठी ग्रिड बंद पडताच हे संयंत्रही आपोआप बंद होते. तिसरा म्हणजे सरकारी अनुदानाचा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान निवासी ग्राहकांसाठी आहे. वाणिज्यिक जोडणीस ते मिळत नाही.

निर्णयापूर्वी छताची मजबुती व त्यावरील हक्क तपासावा. दुकान भाड्याचे असेल, तर मालकाची लेखी संमती घ्यावी. शेजारच्या इमारतीची वा पाण्याच्या टाकीची सावली दिवसभरात कुठे फिरते ते पाहावे. थोडीशी सावलीही उत्पादन बरेच घटविते. निदान बारा महिन्यांची बिले समोर ठेवून क्षमता ठरवावी आणि तीन ठिकाणचे दर मागवावेत. भांडवल गुंतवायचे नसेल, तर विकसकाने स्वखर्चाने संयंत्र उभारावे व पेढीने ठरलेल्या दराने वीज घ्यावी, असाही मार्ग आहे. त्यात लाभ कमी. पण मोठ्या छतांना तो उपयोगी पडतो. मात्र तो करार दीर्घ मुदतीचा असल्याने प्रत्येक कलम वाचूनच सही करावी.

पेठेतील नफ्याचे प्रमाण वर्षानुवर्षे आकसत आहे. विक्री वाढविणे नेहमीच आपल्या हाती नसते. खर्च आवरणे बव्हंशी असते. दुकानात वाचलेला रुपया हा कमावलेल्या रुपयाइतकाच मोलाचा असतो, ही शिकवण वडीलधाऱ्यांनी गादीवर बसूनच दिली आहे. येत्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या दुकानाची वर्षभराची बिले काढावीत, छताचे माप घ्यावे आणि हा हिशेब स्वतः मांडून पाहावा. आकडे जुळले तर पुढे जावे. न जुळले तर थांबावे.