येते म्हणालात ना?

(ठाण्यातील वार्षिक आभार मेळाव्यात एका कार्यकर्तीने केलेले भाषण)



आयोजकांनी मला विषय दिला आहे, 'इंग्लंडमध्ये समाजसेविका म्हणून काम करताना आलेले अनुभव'. मी तिथे सात वर्षं होते, २००४ ते २०११. परत येऊन आता बरीच वर्षं झाली. आज माझं काम मुरबाड आणि शहापूरच्या कातकरी वाड्यांवर चालतं, आणि आपल्यापैकी अनेक जण त्या कामाला हातभार लावता. तेव्हा परदेशच्या गमतीजमती सांगून खाली बसण्यापेक्षा तिथे शिकलेली एकच गोष्ट तुमच्यापुढे ठेवावी, असं मनात आहे. पण तिच्यापर्यंत पोचायला थोड्या गमतीजमती सांगाव्याच लागतील.

त्या काळी इंग्लंडमध्ये मुलांच्या संरक्षणाचं काम करायला माणसं कमी पडत होती. तिथल्या कौन्सिल, म्हणजे आपल्याकडच्या महापालिकाच म्हणा, परदेशातून समाजसेवक बोलवत होत्या. भारत, झिंबाब्वे, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, सगळीकडून लोक येत होते. मी देवनारला शिकलेली, डोंबिवलीची लोकल पकडून नोकरी केलेली. वाटलं, इंग्रजी येतं, काम येतं, आणखी काय लागतं?

पहिल्याच आठवड्यात एका आजीबाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "कम इन, मी डक." मी मनात अर्थ लावला, 'आत ये, माझ्या बदका'. मला वाटलं, बाई थट्टा करते आहे. ऑफिसात येऊन विचारलं तेव्हा सगळे हसले. डर्बी-नॉटिंगहॅमच्या त्या बाजूला मायेनं असंच म्हणतात. आपण 'बाळा' म्हणतो ना, तसं.

मग चहा. आपल्याकडे पहिल्यांदा विचारलं की "कशाला उगीच, नको" म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा विचारलं की "बरं, अर्धा कप". तिथे मी एकदा "नको" म्हटलं आणि चहा आलाच नाही! थंडीत चार घरं फिरले आणि कोरडी परत आले. तिथे 'नको' म्हणजे नकोच. पण त्याच माणसांना "कशा आहात?" विचारलं की उत्तर यायचं, "फाइन." माझी एक जुनी सहकारी म्हणाली, "फाइन म्हणजे बरं आहे असं समजू नकोस. फाइन म्हणजे आज विचारू नका." एक शब्द सरळ आणि दुसरा असा वाकडा, हे कळायला मला दोन हिवाळे गेले.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक अमेरिकन बाई होती. माझ्यासारखीच परदेशातून आलेली. मला वाटायचं, हिचं काय, हिची तर मातृभाषाच इंग्रजी. पण तिचे हाल माझ्याहून वाईट. एकदा बैठकीत ती म्हणाली, "लेट्स टेबल इट." अमेरिकेत त्याचा अर्थ 'हा विषय आता बाजूला ठेवू'. इंग्लंडमध्ये त्याचाच अर्थ 'हा विषय आता चर्चेला घेऊ'. अर्धा तास सगळे तोच विषय बोलत राहिले आणि ती चक्रावून बसली. नंतर मला म्हणाली, "तू चुकलीस तर लोक म्हणतात, परकी आहे, समजावून सांगू या. मी चुकले तर त्यांना वाटतं, उद्धट आहे." तिचा थँक्सगिव्हिंगचा सण नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी येतो. इंग्लंडमध्ये त्या दिवशी साधी सुट्टीसुद्धा नसते. मग ती घरून भोपळ्याचा पाय करून आणायची आणि मी आईनं पाठवलेला चिवडा. दोघी परक्या, जेवणाच्या सुट्टीत एका टेबलावर सण करायचो.

आता कामाबद्दल. तिथे १९८९ सालचा मुलांचा कायदा आहे. एखाद्या मुलाला गंभीर इजा होते आहे असा रास्त संशय आला, तर चौकशी करणं कौन्सिलवर बंधनकारक आहे. मी गेले तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, व्हिक्टोरिया क्लिम्बी. आयव्हरी कोस्टहून आलेली आठ वर्षांची मुलगी. २००० सालच्या फेब्रुवारीत लंडनमध्ये छळ होऊन ती वारली. समाजसेवक, दवाखाने, पोलीस, सगळ्यांच्या कागदांवर तिचं नाव होतं. लॉर्ड लेमिंग यांचा चौकशी अहवाल २००३ साली आला. तिला वाचवता आलं असतं असे किमान १२ प्रसंग त्यात मोजून दाखवले आहेत. माणसं तिच्यापर्यंत गेलीच नव्हती असं नाही. गेली होती. पण पुन्हा जाऊन नीट पाहिलं नाही, तिच्याशी बोललं नाही, एकानं दुसऱ्याला सांगितलं नाही.

म्हणून आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलं, ठरलेल्या दिवशी जायचंच. बर्फ असो, डिसेंबरात चार वाजता अंधार पडो, दार न उघडो. मूल डोळ्यांनी पाहायचं, त्याच्याशी एकट्याशी बोलायचं आणि आल्यावर लिहून ठेवायचं. मला तो कंटाळवाणा सरकारी नियम वाटायचा.

एक सात वर्षांचा मुलगा माझ्याकडे होता. त्याचं नाव सांगत नाही. आई आजारी, वडिलांचा पत्ता नाही, विजेच्या मीटरमध्ये पैसे भरले तरच घरात दिवा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सवयीनं दारात बूट काढले. तिकडे सहसा कुणी काढत नाही. तो माझ्या मोज्यांकडे बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "तू कितवी?"

मला कळलं नाही. त्यानं हात पुढे केला आणि बोटं मोजली. अंगठा म्हणजे पहिली समाजसेविका. पुढचं बोट दुसरी. मग तिसरी, चौथी. करंगळी उरली होती. ती मी.

मी दर गुरुवारी जायचे. पहिले दोन महिने तो बोललाच नाही. तिसऱ्या महिन्यात बोलायला लागला. आईनं पहिल्यांदा "फाइन" सोडून दुसरं उत्तर दिलं, तेही एका गुरुवारीच. मी हुशार होते म्हणून नाही, बंधुभगिनींनो. मी पुन्हा आले होते म्हणून.

पुढे माझ्या घरच्या अडचणीमुळे मला परत यायचं ठरवावं लागलं. शेवटच्या भेटीत त्याला सगळं समजावलं. नवी बाई येईल, चांगली आहे, असं सांगितलं. आणि निघताना तोंडून काय गेलं? आपण घरातून निघताना 'जाते' म्हणत नाही. अशुभ वाटतं. आपण म्हणतो 'येते'. तीच जन्माची सवय इंग्रजीत उतरली. मी म्हटलं, "मी येते हं."

त्यानं लगेच विचारलं, "कधी?"

मला उत्तर देता आलं नाही. आमच्या कामात निरोप घेतल्यावर पुन्हा संबंध ठेवायचा नसतो. मी काहीतरी पुटपुटले. त्यानं दुसरा हात वर केला आणि अंगठा दाखवला. सहावी बाई आता दुसऱ्या हातावर जाणार होती.

तो अंगठा मी बरोबर घेऊन आले. आजही तो माझ्यापाशी आहे.

इथे आल्यावर वाटलं, आता मी आपल्या माणसांत आले, परकेपण संपलं. २०१२ सालच्या डिसेंबरात आम्ही काही जण नाताळनिमित्त मुरबाड तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर घोंगड्या आणि मिठाई घेऊन गेलो. टेम्पो भरून. वाडीवर पोचलो तर निम्म्याहून जास्त झोपड्यांना दारापुढे काट्या लावलेल्या. चारपाच म्हातारी माणसं, दोनतीन लहान मुलं आणि कुत्री. बाकी सगळी वाडी वीटभट्ट्यांवर.

आपण ठाणे-कल्याणचे लोक. आपल्या इमारतींच्या विटा भिवंडी, कल्याण, शहापूरच्या भट्ट्यांवर पडतात. कातकरी कुटुंबं पावसाळ्यात उचल घेतात, दिवाळीनंतर मुलाबाळांसकट भट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. एवढी साधी गोष्ट आम्हाला माहीत नव्हती. ज्या महिन्यात वाडी रिकामी, नेमक्या त्याच महिन्यात आम्ही दरवर्षी घोंगड्या वाटायचो. कारण नाताळ आमचा होता, वेळ आमची होती.

आम्ही घोंगड्या दिल्या, फोटो काढले. निघताना मी म्हटलं, "आजी, येते हं."

आजी म्हणाली, "समदी येते म्हणत्यात."

बंधुभगिनींनो, मला तो अंगठा पुन्हा दिसला. इंग्लंडमध्ये मी परकी होते हे मला रोज कळत होतं, म्हणून मी सावध होते. मुरबाडला मी तितकीच परकी होते, पण भाषा जवळची म्हणून ते मला दिसलंच नव्हतं. माझ्या अमेरिकन मैत्रिणीची गत तीच झाली होती. आपलीच भाषा आहे, म्हणून आपल्याला सगळं कळतं, असं आपण धरून चालतो.

आपल्या ख्रिस्ती समाजाला परक्यांचा अनुभव आहे. सिंथिया फरार नावाची अविवाहित अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईत उतरली. मुलींच्या शाळा काढल्या. तिची नगरची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली होती. १८६२ साली नगरलाच ती वारली. मध्ये ३५ वर्षं गेली. पुढे क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मुंबईत आले, नागपाड्याच्या वस्तीत शेजारघर चालवलं, आणि १९३६ साली तिथेच समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. त्यांनी ती पहिली पाच वर्षं सांभाळली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था, जिथे मी शिकले. या परक्यांच्याही चुका झाल्या असतील. पण ते भेट देऊन गेले नाहीत, राहिले. शोमरोन्याच्या दाखल्यातही आपण त्याचं तेल आणि पट्टी लक्षात ठेवतो. उतारशाळेच्या मालकाला पैसे देताना परत येण्याचा शब्दही त्यानं दिला होता, ते विसरतो.

मग मी त्या वाडीवर पुन्हा गेले. शिमग्याला, कारण त्या सणाला भट्टीवरची माणसं दोन दिवस घरी येतात हे आजीनंच सांगितलं होतं. हातात काही नव्हतं. फक्त वही होती. आजीनं पाहिलं आणि एकच शब्द म्हणाली, "आलीस?"

त्या वहीत काय लिहिलं गेलं ऐका. कुणाच्याच घरी जातीचा दाखला नव्हता. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. जे कुटुंब वर्षातले सहासात महिने भट्टीवर असतं, ज्यांच्या आजोबांच्या नावावर जमीनच नव्हती, त्यांनी तो कुठून आणायचा? शाळेचा जुना दाखला, गावच्या नोंदी, चुलत्याचा कागद, असं शोधत जावं लागतं. एका चकरेत होत नाही. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, पण कार्डच नाही. मुलं भट्टीवर गेली की शाळा तुटते. शिक्षण हमी कार्ड घेऊन भट्टीजवळच्या शाळेत बसवता येतं, पण ते कार्ड वेळेवर काढून हातात द्यायला कुणीतरी दिवाळीपूर्वी वाडीवर जावं लागतं. कातकरी हा महाराष्ट्रातल्या अतिअसुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. त्यांच्यासाठी १५ नोव्हेंबर २०२३ ला केंद्रानं पीएम-जनमन योजना सुरू केली. योजना आहेत. पण योजना आणि झोपडी यांच्यामध्ये पुन्हा पुन्हा चालणारं एक माणूस लागतं.

म्हणून माझी विनंती. तुमचं दान थांबवू नका, त्याच्यावर आमची गाडी चालते. पण यंदा प्रत्येक मंडळीतून दोन माणसं द्या. तीच दोन माणसं, एकच वाडी, महिन्यातून एक शनिवार, वर्षभर. जानेवारीत वाडी रिकामी दिसली तर भट्टीवर जा. सोबत एक वही न्या. मिठाई नेली नाही तरी चालेल. फोटो नको. मागच्या वेळी कुणाला काय सांगितलं होतं ते वाचून जा आणि त्याचं काय झालं ते सांगा. काम झालं नसेल तर झालं नाही म्हणून सांगा, पण जा.

आणि ज्यांना जमणार नाही त्यांनी संकोच करू नये. फक्त निघताना 'येते' म्हणू नये. माझ्या हातून ती चूक झाली आहे. एक मूल कुठेतरी मोठं झालं असेल, आणि त्याच्या करंगळीवर मी अजून असेन.

पुढच्या शनिवारी सकाळी सात वाजता आमची गाडी कल्याण स्टेशनवरून मुरबाडला निघते. दोन जागा रिकाम्या आहेत.