गर्दी आणि गल्ला



संयोजकांनी मला व्यवसायातली एखादी उपयोगी गोष्ट सांगायला बजावलं आहे. मी हिशेब तपासणारा माणूस. तेव्हा एका कंपनीचा हिशेबच सांगतो. आपल्यातल्या अनेकांचा पहिला ई-मेल पत्ता ज्या कंपनीचा होता, त्या याहूचा.

१९९४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोघा विद्यार्थ्यांनी संकेतस्थळांची एक यादी करायला घेतली. त्यातून याहू उभी राहिली. वापरणाऱ्याला सगळं फुकट आणि पैसे जाहिरातदारांचे, असा तिचा मामला होता. त्या जाहिरातदारांतही बऱ्याच नव्या इंटरनेट कंपन्याच होत्या. २००० साली फुगा फुटला, त्या कंपन्या बुडाल्या आणि जाहिराती आटल्या. याहूचं वर्षाचं उत्पन्न १११ कोटी डॉलरवरून २००१ मध्ये ७२ कोटींच्या आसपास घसरलं आणि ९ कोटींहून जास्त तोटा झाला. दुकानात गर्दी तशीच होती, गल्ला मात्र रिकामा.

मे २००१ मध्ये टेरी सेमेल प्रमुख झाले. ते वॉर्नर ब्रदर्स या चित्रपट कंपनीत दोन दशकांहून जास्त काळ काढून आलेले. तिकीट घेतल्याशिवाय आत सोडायचं नाही, हा त्या धंद्याचा पहिला धडा. पण त्यांनी सगळ्यांनाच दारात अडवलं नाही. साधा ई-मेल फुकटच ठेवला. तो आपल्या संगणकातल्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये उतरवून घ्यायचा असेल, तर एप्रिल २००२ पासून वर्षाला ३० डॉलर. जास्त साठवण हवी, जोडीदार शोधायचा, छोट्या धंद्याचं संकेतस्थळ चालवायचं, तर त्याचे वेगळे पैसे. ‘हॉटजॉब्स’ विकत घेतली आणि माणसं शोधणाऱ्या कंपन्यांकडून शुल्क घेतलं. एसबीसी या टेलिफोन कंपनीबरोबर वेगवान इंटरनेट जोडणी विकली.

२००१ अखेर पैसे भरणारे ग्राहक चार लाखांच्या आत होते, ते वर्षभरात २२ लाख झाले. वापरणारे २० कोटींहून जास्त. म्हणजे शंभरातल्या एकानंच खिशात हात घातला. तरी २००२ मध्ये उत्पन्न ९५ कोटींवर गेलं आणि कंपनी नफ्यात आली. यात शोधाच्या निकालांशेजारी दिसणाऱ्या ओव्हर्चरच्या जाहिरातींचाही मोठा हात होता, हेही सांगायला हवं. एकाच खांबावरचं छप्पर तीन खांबांवर आलं, ही खरी कमाई.

पुढचं पानही वाचू. १ एप्रिल २००४ ला गूगलनं जीमेल आणलं आणि एक गिगाबाइट जागा फुकट दिली. याहू जी साठवण विकत होती, तिची किंमतच गेली. जूनमध्ये तिलाही फुकटची जागा १०० मेगाबाइट करावी लागली. मुद्दाम आखडून ठेवलेल्या वस्तूचे पैसे फार दिवस मिळत नाहीत. खऱ्या कामाचे मिळत राहतात.

हे आज का सांगतो? दुपारच्या बैठकीत आपल्या संघाच्या अभ्यासिकेला शुल्क लावायचं का, हा विषय आहे. अभ्यासिका दोन मोठ्या देणगीदारांवर चालते. त्यातला एक थांबला, तर परीक्षेच्या तोंडावर दिवे मालवावे लागतील. माझं मत असं: बसायची जागा, दिवा आणि पुस्तक यांना किंमत लावू नये. ज्याला ती परवडणार नाही, त्याच्यासाठीच तर अभ्यासिका काढली. छपाई, कपाट, रविवारी सभागृह यांचे रास्त पैसे घ्यावेत. आणि दोन मोठ्या देणग्यांच्या जोडीला आपण दोनशे जणांनी दरमहा थोडे थोडे द्यावेत. शंभरातल्या एकावर याहू सावरली. आपल्याकडे तर सगळेच घरचे आहेत.

दुपारी मत देताना एवढं ध्यानात ठेवा.