जुन्या गाडीतील गारवा

माळव्याच्या रात्री शीतल असतात अशी ख्याती आहे. परंतु वैशाखातल्या दुपारी तिचा काही उपयोग होत नाही. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, अशाच एका दुपारी, मी माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईला घेऊन उज्जैनहून तुकोगंजला घरी परतत होतो. आमची व्हॅन चौदा वर्षांची. निम्म्या वाटेवर तिच्या वातानुकूलन यंत्रातून गरम वारा येऊ लागला. आई काही बोलली नाही. थोड्या वेळाने मी मागे वळून पाहिले, तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता व मान एका बाजूस कलली होती. गाडी एका कडुनिंबाखाली थांबवून, ओल्या पंचाने तिचे अंग पुसून व घोट घोट पाणी पाजून तिला सावरावयास पाऊण तास लागला.

मला दुःख झाले त्याहून लाज अधिक वाटली. मी शाळेत विज्ञान शिकवतो. लागोपाठ तीन वर्षे मी मार्चमध्ये त्या यंत्रात ‘गॅस भरून’ घेत होतो, आणि मे उजाडताच गारवा ओसरत होता. हा गॅस जातो कुठे, हा साधा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता.

श्रोतेहो, माठातले पाणी गार का होते, हे आपण जाणताच. माठातून पाझरलेले पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेते. गाडीतील यंत्राचे तत्त्व हेच आहे. माठातली वाफ हवेत विरून जाते. येथे मात्र ती बंद नळ्यांत पकडून, कॉम्प्रेसरने दाबून, पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, पुन्हा द्रवरूप केली जाते. तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो. पेट्रोल खर्च होते, तसा गॅस खर्च होत नाही. तो संपला, याचा अर्थ तो कोठून तरी निसटला. दाब फार उतरला, की संरक्षक स्विच कॉम्प्रेसरच बंद पाडतो. आमच्या प्रवासात नेमके हेच घडले होते.

पुढे एका वृद्ध कारागिराने गॅस भरण्यास साफ नकार दिला. “मास्तर, आधी भोक शोधू,” तो म्हणाला. एका सांध्यापाशी धूळ तेलकट होऊन चिकटली होती. गॅसबरोबर तेलही फिरते, म्हणून जेथे तेलाचा डाग, तेथे गळतीचा संशय घ्यावा. नळ्यांत दाबाने नायट्रोजन भरून त्याने त्या सांध्यावर साबणाचा फेस लावला, आणि बुडबुडे उठले. आतली छोटी रबरी कडी चिरली होती. तीन वर्षांच्या गॅसपुढे तिची किंमत ती काय!

कडी बदलल्यावर त्याने नळ्यांतील दमटपणा शोषणारी डबी नवी बसवली, पंप लावून आतील हवा व बाष्प पूर्णपणे काढून टाकले, आणि बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिले होते तितकाच गॅस वजन करून भरला. गॅस जास्त झाला तरीही गारवा कमी होतो, हे त्या दिवशी मला कळले.

ही गळती केवळ खिशाची नाही. पूर्वी मोटारींत आर-12 नावाचा वायू असे. तो ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून 1987 साली माँट्रियल येथे करार झाला. 1992 मध्ये भारतही त्यात सामील झाला. त्याच्या जागी आलेला आर-134ए ओझोनला अपाय करीत नाही. परंतु शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता वाढवतो. म्हणजे गारव्यासाठी दर वर्षी भरलेला माझा गॅस बाहेरचा उन्हाळा वाढवीत होता. गाडीचा गॅस काढावयाचा झाल्यास तो हवेत सोडू न देता यंत्राने परत गोळा करून घ्यावा, तो यासाठी.

आता थोडे नित्याच्या निगेविषयी. हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे यंत्र चालवावे. फिरत्या तेलाने कॉम्प्रेसरचे रबरी सील ओलसर राहते. मी रविवारी चर्चला जाताना हे काम उरकतो. कंडेन्सरची जाळी हलक्या धारेने धुवावी. जोराच्या फवाऱ्याने तिच्या पातळ पात्या वाकतात. गाडीत हवेची गाळणी असल्यास ती वेळोवेळी बदलावी. उन्हात तापलेल्या गाडीच्या काचा आधी उघडून कोंडलेली उष्ण हवा जाऊ द्यावी, मगच यंत्र सुरू करावे. गाडीखाली पाणी ठिबकले तर घाबरू नये, ते हवेतले बाष्प असते. मात्र पायाखाली पाणी साचले, तर निचऱ्याची नळी तुंबली असे समजावे.

या वर्षी मे महिन्यात आम्ही पुन्हा उज्जैनला गेलो. परतताना आईने पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि म्हणाली, “अरे, जरा कमी कर, गारठा लागतो.” तीन वर्षांत प्रथमच मी ते बटण उलटे फिरवले.