पुरावा काय?

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही 'आम्ही' म्हणतो ते मोठेपणानं नव्हे. हे भाषण आमच्यापैकी सात जणांनी मिळून लिहिलं आहे, आणि त्यातल्या एका वाक्यावरही सातांचं एकमत झालं, असं कृपा करून समजू नका. एकानं वाचायचं आणि बाकीच्या सहांनी पहिल्या रांगेत बसून मान हलवायची, असं ठरलं आहे. मान उभी हलते की आडवी, हे आपणच पाहा.

आपल्याला ठाऊक आहे, महिन्याच्या तिसऱ्या रविवारी मंडळाच्या मागच्या खोलीत आमची बैठक असते. जुनी गाणी ऐकायची, त्यावर बोलायचं आणि भांडायचं. काल कोणाकडून काय ऐकलं ते इथं चालत नाही. कोणी काही ठासून सांगितलं की बाकीचे एका सुरात विचारतात, "पुरावा काय?" हा नियम करावा लागला, कारण आपण पडलो हैदराबादी. आपला 'परसों' म्हणजे परवाही असतो, गेली दिवाळीही असते आणि निजामाच्या काळातली एखादी तारीखही असते. अशा 'परसों'वर विसंबून गाण्यांचा इतिहास कसा लिहायचा?

पुरावा म्हणजे तबकडीवरचं लेबल, असं सुरुवातीला आम्हाला वाटे. पण लेबलंही गंमत करतात. 'महल' चित्रपट १९४९ चा. त्यातलं ते झोपाळ्यावरचं गाणं सगळ्या देशाच्या तोंडी झालं, पण तबकडीवर गायिकेचं नाव होतं 'कामिनी'. ते पडद्यावरच्या पात्राचं नाव. ही कामिनी कोण, म्हणून लोकांनी रेडिओकडे विचारणा केली, तेव्हा लता मंगेशकर हे नाव घराघरांत पोचलं. दुसरं पाहा. एखाद्या तबकडीवर संगीत सी. रामचंद्र आणि गायक चितळकर असं दिसलं, तर माणसं दोन नव्हेत. रामचंद्र नरहर चितळकर हे एकच अण्णा. आमच्यातल्या एका काकूंना ते दोघे भाऊ असावेत असं तीस वर्षं वाटत होतं. तिसरं, 'साधी माणसं' या १९६५ च्या चित्रपटाचे संगीतकार 'आनंदघन'. राज्य पुरस्कार जाहीर झाला, आनंदघन कोण म्हणून सभागृह इकडेतिकडे पाहू लागलं, आणि त्या लताबाईच आहेत हे तेव्हा उघड झालं. म्हणजे लेबलावर गायिका लता, संगीत आनंदघन, आणि बाई एकच. तेव्हा लेबल हाही शेवटचा पुरावा नव्हे, अशी पुरवणी आम्हाला नियमाला जोडावी लागली.

आमच्यातल्या बहुतेकांचं बालपण रेडिओवर गेलं. इथं १९३५ च्या फेब्रुवारीत दख्खन रेडिओ सुरू झाला. मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता. १ एप्रिल १९५० ला ते केंद्र आकाशवाणीत आलं. ही १ एप्रिल तारीख लक्षात ठेवा, पुढं पुन्हा येणार आहे. त्यानंतर दोन वर्षांनी नभोवाणी खातं बाळकृष्ण केसकरांकडे गेलं. माणूस पुण्याचा, शास्त्रीय संगीताचा चाहता, आणि चित्रपटगीतं हलकी असं त्यांचं ठाम मत. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपारच झाली. गाणी थांबली का? गाणी कोलंबोला गेली. सिलोनला भारतातल्या प्रत्येक घरात शिरण्याची वाट एका मराठी माणसानं मोकळी करून दिली, हे आम्ही दरवर्षी एकदा तरी म्हणतो आणि दरवर्षी आमच्यातले एक शास्त्रीय संगीतवाले सभासद रागावतात. त्यांचं म्हणणं, केसकरांमुळे रात्रीचं संगीत संमेलन आणि मोठमोठे गवई गरिबाच्या घरात आले, ते का सांगत नाही? तेही खरं आहे. सांगितलं.

३ डिसेंबर १९५२ पासून बुधवारी रात्री आठ वाजता बिनाका गीतमाला लागू लागली. अमीन सयानींची ती हिंदुस्तानी बोली आम्हा हैदराबादकरांना परकी कधीच वाटली नाही, पुण्यामुंबईच्या नातेवाइकांपेक्षा आम्हाला ती जास्त कळे. सुरुवातीला ती नुसती स्पर्धा होती, क्रम लावून पाठवायची. पायदानं नंतर आली. शॉर्टवेव्हचं स्टेशन, त्यामुळे नेमकं पहिल्या पायदानाच्या वेळी आवाज दूर जाई, मग कोणीतरी गच्चीवर जाऊन एरियलची तार धरून उभं राही. तार धरणाऱ्याला गाणं ऐकूच येत नसे. आमच्यातले दोघे असे तारधरे आहेत, त्यांची १९६० सालची यादी अजून कच्ची आहे. बिनाका टूथपेस्टच्या खोक्यात प्लास्टिकचे छोटे प्राणी निघत, ते मात्र सगळ्यांना आठवतात.

मध्येच एक हैदराबादी अभिमानाची गोष्ट. १९६४ चा 'चा चा चा'. नाव विलायती नाचाचं, नाच हेलनचा, दिग्दर्शक आणि नायक चंद्रशेखर, जन्मानं हैदराबादचे. आणि त्या पाश्चात्त्य थाटाच्या चित्रपटात रफीसाहेब आणि आशाबाई गातात ती कविता आपल्या मखदूम मोहिउद्दीन यांची. जे मखदूम तेलंगणाच्या लढ्यात भूमिगत राहिले, आबिड्सच्या ओरिएंट हॉटेलात चहावर मैफली जमवत, त्यांचे शब्द, आणि संगीत इक्बाल कुरेशींचं. हे सांगितलं की पुण्याचे पाहुणे गप्प होतात. आम्ही त्यासाठीच सांगतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती आमच्या एका भांडणाची आहे, आणि त्यात आमची बाजू फारशी चांगली नाही.

आमचे एक ज्येष्ठ सभासद, वय एकोणऐंशी, काचीगुड्याच्या जुन्या घरात वाढलेले. एका बैठकीत गीतरामायणाचा विषय निघाला. ते म्हणाले, "आम्ही गीतरामायण पंचावन्न साली घरीच ऐकलं. दर आठवड्याला नवं गाणं. मी नऊ वर्षांचा होतो, मला लख्ख आठवतं."

लगेच सगळे एका सुरात, "पुरावा काय?"

आमच्यात एक दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. त्यांनी कागद काढला. गीतरामायण सुरू झालं १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी. शुक्रवार होता. केंद्र पुणे, वेळ सकाळची पावणेनऊची, आणि प्रक्षेपण मीडियमवेव्हवर. मीडियमवेव्ह रात्री वरच्या थरावरून परतते म्हणून लांब जाते, दिवसा ती जमिनीलगत जाते आणि थोड्याच अंतरावर विरते. पुणे ते हैदराबाद साडेपाचशे किलोमीटर. सकाळी पावणेनऊला काचीगुड्यात पुणे लागणं शक्यच नाही. टेबलावर हात आपटून ते म्हणाले, "शक्यच नाही!"

ज्येष्ठ म्हणाले, "म्हणजे मी खोटं बोलतो?"

कोणी 'नाही' म्हटलं नाही. एकानं उलट असंही म्हटलं की वयपरत्वे होतं असं. हे वाक्य ज्यांनी उच्चारलं ते इथं बसले आहेत आणि त्यांच्या संमतीनं ते वाचत आहोत.

ते पुढचे दोन रविवार आले नाहीत. फोन केला तर त्यांच्या सूनबाई म्हणायच्या, बाबा झोपलेत. सकाळी अकरा वाजता. आम्हाला वाईट वाटत होतं, पण आपण बरोबर आहोत हेही वाटत होतं. या दोन गोष्टी एकत्र असल्या की माणूस माफी मागायला जात नाही.

तिसऱ्या रविवारी ते आले. हातात पत्र्याची जुनी पेटी. बसले, पाणी प्यायले, आणि पेटी उघडून आमच्यापुढे सरकवली.

आत एक जाड वही होती आणि पत्रांचा गठ्ठा. पत्रं त्यांच्या मामांची. मामा पुण्याला सदाशिव पेठेत राहत. ते शुक्रवारी गाणं ऐकून उतरवून घेत. तेच गाणं शनिवारी आणि रविवारी पुन्हा लागे, तेव्हा सुटलेले शब्द भरून काढत, आणि सोमवारी बहिणीला टपालानं पाठवत. समासात बारीक अक्षरात, "शनिवारी पुन्हा ऐकून दुरुस्त केलं." एका पत्रात, "या आठवड्यात पाऊस, खरखर फार, दोन शब्द माझे आहेत, अण्णा माडगूळकरांना सांगू नकोस." टपालाचे शिक्के स्पष्ट आहेत. दूरसंचारवाल्यांनी कॅलेंडर घेऊन एकेक ताडून पाहिले. सगळे सोमवारचे किंवा मंगळवारचे. एकूण गाणी छप्पन्न. आधी बेत बावन्नचा होता, पण त्या वर्षी अधिक महिना आला आणि रामनवमी ते रामनवमी आठवडे वाढले. मामांची पत्रं त्रेपन्न मिळाली. तीन कुठं गेली, कळत नाही.

वहीत आईनं सगळी गाणी शाईनं उतरवली होती. आणि प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर पेन्सिलीनं एकेक शब्द. 'भूपाळी'. 'जात्यावरची'. 'आजीची आरती'. एका ठिकाणी 'अनारकली'.

आम्हाला कळेना. मग ते म्हणाले, "अहो, मामा शब्द पाठवायचा. चाल पत्रातून कशी येणार? आई आपली चाल लावायची आणि संध्याकाळी गायची. आम्ही चौघं भावंडं आणि शेजारचे. रेडिओ त्याच खोलीत होता. मला वाटायचं रेडिओवरच ऐकलं."

खोलीत कोणी बोलेना. 'अनारकली' १९५३ ची, संगीत सी. रामचंद्रांचं, त्यातलं लताबाईंचं गाणं गीतमालेच्या त्या वर्षीच्या यादीत सगळ्यांत वर होतं. म्हणजे सिलोनवरून येणारी चाल आणि पुण्याहून टपालानं येणारे शब्द काचीगुड्याच्या एका स्वयंपाकघरात एकमेकांना भेटले होते. माडगूळकरांना आणि बाबूजींना याचा पत्ता नव्हता, आणि अण्णा चितळकरांनाही नव्हता.

पुढं बाबूजींच्या आवाजात गीतरामायण घरी आलं तेव्हा त्यांची आई पहिलं गाणं ऐकून म्हणाली होती, "बरं गातात, पण चाल चुकली." ती जाईपर्यंत तिनं मत बदललं नाही.

दूरसंचारवाले उठले आणि त्यांच्या पायाशी वाकले. ज्येष्ठ म्हणाले, "उठा हो, मीडियमवेव्हचं तुमचं म्हणणं बरोबरच होतं."

मग आम्ही विचारलं, चाली आठवतात का? त्यांना अडीच आठवतात. दोन पूर्ण, एकीचा फक्त अंतरा. तिथंच मोबाईलवर घेतल्या. त्यांची धाकटी बहीण नांदेडला असते. आम्ही तिघं गाडी करून गेलो. त्यांना चार येतात, त्यातली एक भावाच्या चालीशी जुळत नाही. दोघांत फोनवरून जे भांडण झालं तेही ध्वनिमुद्रित आहे. म्हणजे छप्पन्नपैकी फार तर सहा. बाकी पन्नासांच्या डोक्यावर पेन्सिलीचे शब्द आहेत, आणि 'जात्यावरची' म्हणजे कुठली जात्यावरची, हे विचारायला आता कोणी नाही.

ती पेटी जुनं घर पाडून अपार्टमेंट होताना जुम्मेरात बाजारात जाणार होती. रद्दीवाल्यानं वजनही केलं होतं. 'पुरावा काय' असं आम्ही त्यांना विचारलं नसतं तर आपण ती कधी उघडली नसती, असं ते म्हणतात. हे ते आमचं मन राखायला म्हणतात, असं आमच्यातल्या चौघांचं मत आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्यातले एक सभासद गेले. त्यांच्या तबकड्या, दोनशेच्या वर, मुलांनी फ्लॅट रिकामा करताना देऊन टाकल्या. मुलांचा दोष नाही, आम्ही कधी त्यांच्याशी बोललोच नव्हतो. आम्ही पुढच्या गुरुवारी जुम्मेरात बाजारात पोचलो तर दोन मिळाल्या. एक तडकलेली.

म्हणून आज मंडळाला विनंती आहे. आपापल्या माळ्यावर पाहा. तबकड्या, स्पूल, घरी भरलेल्या कॅसेटी, गाण्यांच्या वह्या. कॅसेटीत नुसती गाणी नसतात. आमच्या एका काकूंच्या कॅसेटीत सोळाव्या पायदानाच्या मागं त्यांच्या सासूबाईंचा आवाज आहे, "अगं दूध उतू चाललं, हौ म्हणतेस आणि उठत नाहीस!" सासूबाईंचा तेवढाच आवाज उरला आहे. देऊन टाकू नका असं आम्ही म्हणत नाही, जागा कोणाकडे आहे आज. फक्त देण्याआधी एक फोन करा. आमच्यातला एक जण रिक्षा करून येईल आणि चहासुद्धा मागणार नाही.

ती वही आणि पत्रं विसर्जनापर्यंत मागच्या खोलीत टेबलावर ठेवली आहेत. पाहायला जरूर या. वहीची पानं उलटायची असतील तर आधी हात धुवा, आज प्रसादाला उकडीचे मोदक आहेत आणि तूप भरपूर आहे.