बिडाचा नांगर

पुणे-मिरज लोहमार्गावर किर्लोस्करवाडी नावाचं स्टेशन लागतं. 1910 साली त्याचं नाव कुंडल रोड होतं. भोवती नुसता माळ, निवडुंग आणि साप. त्याच माळावर औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना 32 एकर जमीन आणि 10,000 रुपयांचं कर्ज दिलं. लक्ष्मणरावांचा बेळगावचा कारखाना नगरपालिकेनं हलवायला लावला होता. माणूस मुळात चित्रकलेचा. पण रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून ते शिक्षण सुटलं आणि ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. मुंबईत ते शिकवलं, पुढे नोकरी सोडून बेळगावात भाऊ रामूअण्णांच्या सायकलच्या दुकानात आले. तिथं आधी कडबा कापायचं यंत्र झालं, मग लोखंडी नांगर.

हे पहिले नांगर दोन वर्षं गिऱ्हाईकाविना पडून राहिले. लोखंडानं जमिनीला विष चढतं, असं शेतकरी म्हणत. ही गोष्ट सांगताना शेतकऱ्याला अडाणी ठरवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते मान्य नाही. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देई. मोडला तर संध्याकाळपर्यंत दुरुस्त होई. लोखंडी नांगर मोडला तर कुठं जायचं? शिवाय तो खोल जाणार म्हणजे जास्त बैल जोडावे लागणार. ज्याचं सगळं वर्ष पेरणीच्या मोजक्या दिवसांवर उभं असतं, त्यानं हा हिशेब आधी करायलाच हवा.

नांगराचा फायदा मात्र खरा होता. लाकडी नांगर जमीन नुसती चिरत जातो. लोखंडी नांगराचा वक्र पंखा माती उचलून उलटी टाकतो. हरळी आणि कुंद्यासारख्या तणांच्या मुळ्या उघड्या पडतात, उन्हात वाळतात. ज्यानं हरळीनं भरलेलं रान हातानं खणून काढलंय, त्याला याचं मोल वेगळं सांगायला नको.

तेव्हा खरा प्रश्न होता फाळाचा. मातीत घासून आधी झिजतो तो फाळ. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कडक असतं पण ठिसूळ. दगडावर आपटलं की तुकडा उडतो. म्हणून असा फाळ हवा की जुना काढून नवा तिथंच बसवता यावा आणि बोल्टाची भोकं बरोबर जुळावीत. हे काम ओतशाळेचं. आधी लाकडाचा नमुना करायचा, तोही मापापेक्षा किंचित मोठा, कारण बीड थिजताना शेकडा एकाच्या आसपास आकसतं. तो ओलसर वाळूत दाबून साचा घ्यायचा, नमुना अलगद काढायचा, भट्टीत कोळशाबरोबर चुनखडी घालून मळी वर आणायची आणि रस ओतायचा. वाळूत ओल जास्त झाली की वाफ धरते आणि फाळाला पोकळ्या पडतात. वाळू मुठीत दाबून ती बरोबर भिजली आहे की नाही हे सांगणारा माणूस पुस्तकातून घडत नाही. कारखान्याच्या इतिहासात मालकांची नावं राहतात, पण या मुठीतल्या शहाणपणाची नोंद कुणी ठेवत नाही, याचं मला वाईट वाटतं.

इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्सम यानं 1803 साली फाळाच्या एका युक्तीचं पेटंट घेतलं होतं. साच्यात खालच्या बाजूला थंड लोखंड ठेवायचं. त्यामुळे फाळाची खालची बाजू झटकन थिजून फार कडक होते आणि वरची मऊ राहते. वरची आधी झिजते, म्हणून धार आपोआप टिकते. किर्लोस्करांच्या नांगराला अशा विलायती नांगरांच्या बरोबरीनं उभं राहायचं होतं, तेही रेल्वेच्या एका आडबाजूच्या स्टेशनाजवळ.

पहिल्या महायुद्धात बिडाची टंचाई झाली, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळल्या, त्यांचे नांगर झाले. वस्तीही वाढत गेली. लक्ष्मणरावांनी तिथं अस्पृश्यता पाळू दिली नाही, आणि तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना राखणदार नेमलं. 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक काढलं; आपल्यापैकी अनेकांना वाडीचं नाव मासिकामुळेच ठाऊक आहे.

पुढे 1926 च्या सुमारास तिथं पंप होऊ लागले. पंपाचं कवच नांगराच्या फाळापेक्षा अवघड. ते आतून पोकळ, शंखासारखं वळलेलं असतं, म्हणून साच्याच्या आत वाळूचा वेगळा गाभा अचूक टांगावा लागतो; तो रेसभर सरकला तरी एका बाजूची भिंत पातळ होते आणि पाण्याच्या दाबानं फुटते. ही कसोटी पेलणारे कारागीर बाहेरून आणावे लागले असते, तर हा धंदा कुंडलच्या माळावर उभा राहणं कठीण होतं. वाडीत ते फाळ ओतता ओतताच तयार झाले होते.